नालीचे शेवटचे टोक

पावसाळा अर्धा सरला की दवाखान्यात काविळीचे रुग्ण वाढतात. ‘डॉक्टरसाहेब, परवा लग्नात जेवलो, तेच बाधलं,’ असे बहुतेकांचे म्हणणे असते. पण पाण्यातून होणाऱ्या ‘ई’ प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, साधारणपणे पाच-सहा. तोवर रुग्ण ते पाणी विसरलेला असतो. मग कोणी माळ घालून घेतो, कोणी कावीळ उतरवून घेतो. विहिरीकडे मात्र कोणीच पाहत नाही. बहुतेकजण बरे होतात, पण दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला हीच कावीळ झाली तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

आता आपल्याकडचे पाणी कसे फिरते ते पाहा. बिंदुसरा बीड शहराच्या मधून वाहते आणि शहराच्या नाल्या वर्षानुवर्षे तिच्यात उतरत आल्या. बिंदुसरा पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे आणि त्या धरणाचे पाणी बीड शहर पिते! वाटेतली नदीकाठची गावे आपली भर घालतात ती वेगळीच.

‘धरणात पाणी निवळते, वर क्लोरीन टाकतात, मग काळजी कशाला?’ असे शिकलेली माणसेही विचारतात. १९५५ साली दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादला, जेथून शहरासाठी पाणी उचलत तेथे, येऊन मिसळले. पाण्यावर प्रक्रिया होत होती, क्लोरीनही वाढवले होते. विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाणी घाण असले की क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडते आणि चिवट विषाणू निसटतात. म्हणून घाण मुळात पाण्यात जाऊ न देणे हाच खरा इलाज.

आणि येथेच माझे आपल्या गावपुढाऱ्यांशी भांडण आहे. निधी आला की सिमेंटची नाली बांधायची आणि तिचे तोंड नदीकडे काढायचे, याला विकास म्हणतात. नाली पाणी शुद्ध करीत नाही. माझ्या दारातली घाण खालच्या गावाच्या दारात नेऊन टाकते, एवढेच. त्यातही मोरीचे नि भांड्यांचे पाणी तितके भयंकर नाही. खरा धोका संडासाच्या टाकीचा पाइप गुपचूप नालीला जोडतात त्यात आहे. टाकीत मैला कुजतो, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. ते पाणी शोषखड्ड्यातच जिरले पाहिजे, आणि तो खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर हवा. नवा संडास बांधणाऱ्याने टाकीच्या नादी न लागता दोन खड्ड्यांचा बांधावा. स्वस्त पडतो आणि नाली लागतच नाही.

मोरीच्या पाण्याचा मार्ग नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने दाखवून दिला आहे. घरोघर शोषखड्डे केले, उघड्या नाल्या गेल्या, डास हटले. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. यात काही विज्ञानाचे गूढ नाही. काळ्या चिकट जमिनीत पाणी लवकर मुरत नाही हे खरे. तेथे परसात केळी, अळू लावावेत, आणि उरलेले पाणी गावाबाहेर उथळ तळ्यात उन्हात मुरू द्यावे. पैशाची सबबही चालणार नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपयांपर्यंतची तरतूद केली गेली.

तेव्हा येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. आपल्या नालीचे शेवटचे टोक कोठे आहे? आणि किती घरांच्या संडासांचे पाइप तिच्यात सोडले आहेत? उत्तर कागदावर घेऊ नका, सरपंचांना बरोबर घेऊन नदीपर्यंत चालत जा. तोवर घरात गरोदर बाई असेल तर तिचे पिण्याचे पाणी उकळूनच द्या, मग ते नळाचे असो की बोअरचे.