आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

इन्फ्लुएन्झाच्या ज्या लसींत थायोमर्सल हे पारायुक्त परिरक्षक असते त्या वापरू नयेत, या शिफारशीवर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी शिक्कामोर्तब केले. वार्ता सातासमुद्रापलीकडची खरी. परंतु अशा वार्तांनी पेरलेली शंका आमच्या सुशिक्षित घरांच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही. मुलाला टोचावयाच्या लसीत पारा कशाला, असे आईबापांनी विचारले तर त्यांना अडाणी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र भीतीने नव्हे, इतिहासाने आणि शास्त्राने दिले पाहिजे.

एका कुपीतून दहा मुलांना लस द्यावयाची म्हणजे तिच्या बुचातून दहा वेळा सुई आत जावयाची, आणि दर खेपेस रोगजंतू आत शिरण्याचा संभव. हा संभव काल्पनिक नाही. १९०२ च्या ऑक्टोबरात तत्कालीन पंजाब प्रांतातील मलकोवाल येथे १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ती बाटली आमच्या परळच्या प्रयोगशाळेत भरलेली होती, आणि पूर्वी लसीत घालण्यात येणारे कार्बोलिक ॲसिड त्या वेळी वगळण्यात आले होते. जंतू शिरला तो गावी बाटली उघडताना, हे मान्य होऊन डॉ. हाफकिन यांच्यावरील किटाळ दूर व्हावयास १९०७ साल उजाडावे लागले. पुढे १९२८ साली ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे परिरक्षक नसलेल्या कुपीतून घटसर्पाची लस दिलेली १२ मुले जंतुदोषाने मृत्यू पावली. अशा अनुभवांतून परिरक्षक कुपीत आले आहे.

आता पाऱ्याविषयी. मिनामाताच्या मच्छीमारांची दुर्दशा ज्याने केली तो मेथिल पारा शरीरात दीर्घकाळ ठाण मांडतो. थायोमर्सलमधून सुटतो तो एथिल पारा; अर्भकाच्या रक्तातील त्याचा अंश निम्म्यावर येण्यास आठवडाही लागत नाही. एका अक्षराचा हा फरक क्षुल्लक मानू नये. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक बळी घेणारे मेथिल अल्कोहोल आणि औषधांतही वापरले जाणारे एथिल अल्कोहोल यांच्यांत तरी दुसरा कोणता फरक आहे? शिवाय लसीच्या अर्ध्या मिलिलिटर मात्रेत हा पारा सर्वसाधारणपणे २५ मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे एका ग्रॅमचा चाळीस हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी असतो. डेन्मार्कने १९९२ सालीच थायोमर्सल बंद केले. तरी तेथे स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलांची संख्या वाढतच राहिली. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेही २००४ साली या दोहोंतील कार्यकारणसंबंध अमान्य केला.

अमेरिकेने १९९९ पासून केवळ खबरदारी म्हणून बालकांच्या लसींतून थायोमर्सल काढावयास घेतले. एकेका मात्रेची स्वतंत्र कुपी ज्यांना परवडते त्यांनी ती खुशाल वापरावी. परंतु गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावर बर्फाच्या पेटीतून लस नेणाऱ्या परिचारिकेला तोच नियम लावणे म्हणजे तिची पेटी अनेक पटींनी जड करणे आणि काही मुलांना लसीवाचून ठेवणे होय.

आणि खरी आग कोठे लागली आहे? केरळातील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात एका मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे लावीत होते. आमच्या अकोल्यातूनही २०२३ साली अशीच वार्ता आली. या मलमांत पारा घालतात तो जंतू मारण्यासाठी नव्हे, तर त्वचेचे स्वाभाविक रंगद्रव्य तयार होऊ नये म्हणून. आमचा कायदा सर्वसाधारण सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याचा अनवधानाने राहिलेला अंश दशलक्षात एक भागापलीकडे जाऊ देत नाही. प्रत्यक्षात तपासलेल्या कित्येक मलमांत ही मर्यादा हजारो पटींनी ओलांडलेली आढळली आहे. ती दररोज, महिनोन् महिने चोळली जातात.

भारताने २०१८ साली स्वीकारलेल्या मिनामाता करारात हा भेद स्पष्ट केलेला आहे. करार पारायुक्त प्रसाधनांवर बंदी घालतो, आणि थायोमर्सल परिरक्षक म्हणून असलेल्या लसींना त्या बंदीतून वगळतो. जे करारात आहे ते बाजारात दिसावे, एवढेच आमचे मागणे आहे. अन्न व औषध प्रशासनाने लेबलावर उत्पादकाचा पत्ताही नसलेल्या मलमांचे नमुने तपासावेत आणि निकाल जाहीर करावेत. लसीकरण केंद्रांवर आईबापांच्या प्रश्नाला दटावणीने नव्हे, माहितीने उत्तर मिळावे. आणि आईबापांनीही, लसीच्या कुपीकडे संशयाने पाहण्यापूर्वी, आपल्याच आरशासमोरच्या डबीवर काय छापले आहे ते एकदा वाचावे. विष नावावरून ओळखावयाचे नसते. त्याचे रूप, मात्रा आणि प्रयोजन पाहावयाचे असते.