अर्धशक्तीचा विचार आणि भरतीच्या मैदानावरील तरुण

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे मोकळ्या मैदानावर अथवा डांबरी रस्त्यावर पाहिले असता धावणारे तरुण-तरुणी हमखास दिसतात. त्यांना पोलीस शिपाई व्हावयाचे असते, वनरक्षक व्हावयाचे असते, काहींना सैन्यात जावयाचे असते. जंगलपट्टीतील कुटुंबाच्या दृष्टीने शासकीय नोकरी म्हणजे एका पिढीचे दैन्य संपणे होय. म्हणून ही मुले जिवापाड धावतात आणि भरतीचा दिवस जवळ आला की आपल्या चिकित्सालयात अथवा औषधी दुकानात येऊन म्हणतात, “दम लागू नये असे काही द्या.” आपण अश्वगंधा देतो, शिलाजित देतो, एखादा पाक देतो. ही औषधे देण्यापूर्वी आपण जे विचारावयास हवे, ते बहुधा विचारले जात नाही, हा या लेखाचा मुद्दा आहे.

व्यायामात शक्ती कोठून येते, हे प्रथम पाहू. स्नायूचे आकुंचन एटीपी या रेणूच्या विघटनावर चालते. परंतु त्याचा साठा काही सेकंदांतच संपतो. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट सुमारे दहा सेकंद साथ देते. शंभर मीटरची धाव प्रामुख्याने याच बळावर होते. पुढे ग्लायकोजेनचे प्राणवायूविना विघटन होऊन एक-दोन मिनिटांची तीव्र शक्ती मिळते, मात्र स्नायूंत व रक्तात आम्लता वाढते. त्याहून दीर्घ श्रमाची भिस्त प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या शर्करा व स्नेह यांच्या ज्वलनावर असते. पोलीस भरतीतील पुरुषांची १६०० मीटरची धाव पाच-सहा मिनिटांची असल्याने तिची बहुतांश शक्ती या तिसऱ्या मार्गाने येते. वनरक्षक भरतीतील ५ व ३ किलोमीटरच्या धावेबद्दल तर शंकाच नको. या मार्गाची क्षमता हृदय, फुप्फुसे, रक्तातील रक्तकण व स्नायूंतील सूक्ष्म यंत्रणा यांवर ठरते आणि ती आठवड्यामागून आठवडे केलेल्या नियमित सरावानेच वाढते. आदल्या दिवशी घेतलेल्या कोणत्याही औषधाने ती वाढत नाही. अश्वगंधेवरील काही लहान चाचण्यांत प्राणवायू-ग्रहणक्षमता वाढल्याचे दिसले आहे, परंतु तेथेही सेवन कित्येक आठवड्यांचे होते. चरकाचार्यांनी सहज, कालज व युक्तिकृत असे बलाचे तीन प्रकार सांगितले. युक्तिकृत बल आहार व चेष्टा यांच्या योजनेतून येते. ते पुडीत बांधून देता येत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्नायूंत खर्च झालेल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस ते पंचवीस टक्केच प्रत्यक्ष हालचालीसाठी उपयोगी पडते. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने जाते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, हे आपणांस सांगावयास नको. अशा काळात धावणाऱ्याचे शरीर आतून व बाहेरून एकाच वेळी तापते. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्याने शीत काळी व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा आणि अन्य काळी त्याहूनही अल्प करावा, असे सांगितले आहे. ग्रीष्मचर्येत तर व्यायाम वर्ज्यच मानला आहे. त्यामागे हाच अनुभव असला पाहिजे. भरतीचे वेळापत्रक मात्र ऋतुचर्या पाहत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर धावेचे अंतर कमी करण्यात आले. २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावेत दहाहून अधिक तरुण दगावले.

आता आपल्या दोन जिल्ह्यांचा विशेष प्रश्न. येथील गोंड, माडिया आदी आदिवासी समाजांत, तसेच अनुसूचित जाती व इतर मागास वर्गांतील काही समाजांत सिकलसेलचा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्याला हा दोष माता व पिता या दोघांकडून येतो तो रुग्ण. एकाकडूनच येतो तो वाहक. वाहक सामान्यतः निरोगी असतो, म्हणूनच तो धावण्याच्या मैदानावर असतो. परंतु तीव्र श्रमात रक्तातील प्राणवायू घटतो, आम्लता वाढते, शरीर तापते व पाणी कमी होते, तेव्हा या चारही गोष्टी एकत्र येऊन वाहकाच्याही रक्तकणांना विळ्याचा आकार येऊ शकतो. स्नायूंचा रक्तपुरवठा खुंटतो, स्नायुपेशी फुटतात, मूत्रपिंडावर आघात होतो, प्रसंगी मृत्यू ओढवतो. वाहकाच्या मूत्रपिंडाची मूत्र घट्ट करण्याची शक्ती कमी असल्याने त्याच्या शरीरातील पाणीही लवकर घटते.

हे भय काल्पनिक नाही आणि अटळही नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, प्राथमिक प्रशिक्षणातील कृष्णवर्णीय सैनिकांपैकी वाहकांमध्ये आकस्मिक मृत्यूचे प्रमाण वाहक नसलेल्यांच्या सुमारे २८ पट आढळले होते. २०१६ मध्ये तेथीलच भूदलातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. स्नायुनाशाचे मात्र सुमारे दीडपट होते. मधल्या काळात सैन्याने सर्वांसाठीच पाणी, विश्रांती व उष्णतेनुसार श्रमाचे नियम घालून दिले होते. ज्यात ना महाग यंत्र आहे ना परदेशी औषध, अशा नियमांनी तरुणांचे जीव वाचू शकतात, हा यातील बोध आपल्या उपयोगाचा आहे.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. अर्धशक्तीने धावून भरतीत गुण कसे मिळणार? उत्तर असे की, अर्धशक्तीचा नियम नित्याच्या अभ्यासासाठी आहे. सुश्रुताचार्यांनी अर्धबलाची खूण सांगितली ती श्वास मुखावाटे येऊ लागण्याची. त्या मर्यादेत राहून धावणारा सोबत्याशी बोलू शकतो. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंचे आजचे प्रशिक्षकही सरावाचा मोठा भाग याच संथ गतीने करून घेतात, कारण प्राणवायूवर चालणारी यंत्रणा त्यानेच वाढते. बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. जो रोज प्राणांतिक धावतो त्याला चरकाने सांगितलेली अतिव्यायामाची लक्षणे, म्हणजे तृष्णा, क्षय, कास, ज्वर, छर्दी, गाठतात आणि परीक्षेच्या दिवशी तो थकलेलाच असतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या ५ आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ अंतर्गत एव्हरेस्ट सर केले, तेही कित्येक महिन्यांच्या क्रमाक्रमाने वाढविलेल्या प्रशिक्षणानंतर. या मातीतील मुलांत बलाची वाण नाही. वाण आहे ती क्रमाची.

सबब, आपल्या व्यवसायबंधूंनी पुढील गोष्टी नित्यनेमाने कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. बलवर्धक औषध मागणाऱ्या प्रत्येक तरुणास सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे ही तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. प्राथमिक विद्राव्यता चाचणीने वाहक व रुग्ण हा भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी लागते, हे समजावून सांगावे. वाहक असणे म्हणजे अपात्र असणे नव्हे. ही माहिती उमेदवाराची स्वतःची असून ती गावात फुटता कामा नये. अन्यथा नोकरीबरोबर विवाहही अडेल आणि उद्या कोणी तपासणीस येणार नाही.

पांडुता दिसली म्हणून लोह अथवा मंडूर लगेच देऊ नये. सिकलसेलच्या रुग्णात, विशेषतः वारंवार रक्त घेतलेल्यात, लोह आधीच अधिक असू शकते. औषधी दुकानदारांनी सरावाच्या काळात वेदनाशामक गोळ्यांची मागणी सहज पुरवू नये, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडास घातक ठरतात. पांढऱ्या पुडीतील अनामिक चूर्णे, ज्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो, ती तर दुकानात ठेवूच नयेत. त्याऐवजी भाताची पेज, आंबील, ताक, गूळ-शेंगदाणे, पुरेसे मीठ-पाणी व पुरेशी झोप यांचा उपदेश करावा. त्यात आपली विक्री होत नाही, हे खरे आहे. परंतु वैद्याची पत विक्रीपेक्षा मोठी असते.

शेवटी, मैदानावर शिकविणाऱ्यांना एक खूण अवश्य सांगावी. उष्णतेच्या पेटक्यात स्नायू दगडासारखा कडक होतो व मुलगा वेदनेने ओरडतो. सिकलसेलमुळे कोसळणारा मुलगा पायांतील बळ गेल्यासारखा खाली बसतो, त्याचे स्नायू मऊ असतात आणि तो प्रथम बोलतही असतो. त्याला ‘आळशी’ म्हणून पुन्हा उठवून धावावयास लावणे हे प्राणघातक आहे. त्याला सावलीत न्यावे, अंग थंड करावे, शुद्धीवर असल्यास पाणी द्यावे आणि प्राणवायू व शिरेवाटे द्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचवावे. अहेरी-भामरागडकडे ही सोय दूर आहे, म्हणून वाहन कोणते व कोणाचे, हे सराव सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी येत्या भरतीपूर्वी आपापल्या मैदानांवर जाऊन एवढे जरी सांगितले, तरी ते कार्य मोलाचे ठरेल.