बचावाची नोंद

अमेरिकन फुटबॉल हा फलटण तालुक्याचा खेळ नाही. तरीही त्या खेळातील ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ या खेळाडूची कारकीर्द कशी घडते आणि कशी मोजली जाते, हे या तालुक्यातील हॉकीच्या जाणकारांनी नीट पाहावे असे आहे, कारण आसू आणि वाखरी या गावांतून निघून भारताच्या बचावफळीत उभ्या राहिलेल्या मुलींच्या कारकिर्दीचा प्रश्न मुळात तोच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीच्या आरंभी क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, चेंडू हाती घेतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडू एका रांगेत उभे असतात. मधला ‘सेंटर’, त्याच्या दोन्ही बाजूंचे ‘गार्ड’ आणि कडेचे ‘टॅकल’ अशी त्यांची नावे असून, प्रतिस्पर्ध्यांना क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचू न देणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या साथीदाराला वाट करून देणे एवढेच त्यांचे काम असते. पुढे फेकलेला चेंडू त्यांना नियमानुसार सहसा झेलताही येत नाही, त्यामुळे गुण मिळवण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. पंच ध्वनिक्षेपकावरून त्यांचा क्रमांक पुकारतात तेही बहुधा प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवल्याचा दंड जाहीर करतानाच.

क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचा डावा टॅकल जो थॉमस हे या व्यवसायाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. 2007 मध्ये तो संघात आला आणि 2017 च्या ऑक्टोबरमध्ये दंडाचा स्नायू फाटेपर्यंत, एकदाही बाहेर न बसता, सलग 10,363 चाली खेळला. या सगळ्या काळात त्याच्या संघाला बाद फेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही आणि ज्यांचे रक्षण करायचे ते क्वार्टरबॅक एकामागून एक बदलत राहिले; तरीही पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, 2023 मध्ये, व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झाली. नावावर ना गुण, ना विजेतेपद, अशा खेळाडूला हा मान देता आला, कारण त्याची प्रत्येक चाल कोणीतरी मोजून लिहून ठेवली होती.

हॉकीच्या अधिकृत सामनापत्रकात खेळाडूच्या नावासमोर प्रामुख्याने दोन गोष्टी चढतात: तिने केलेला गोल आणि तिला मिळालेले कार्ड. हिरव्या कार्डाने दोन मिनिटे, पिवळ्याने किमान पाच मिनिटे आणि लाल कार्डाने उरलेल्या सामन्यापुरते मैदान सोडावे लागते. म्हणजे जी बचावपटू गोल करत नाही आणि नियमही मोडत नाही, तिने साठ मिनिटे उत्तम खेळ केला तर तिच्या नावासमोरची जागा कोरी राहते. राष्ट्रीय संघाबरोबर आता चित्रफितींचे विश्लेषक असतात आणि ते बचावाचा तपशील टिपतात, हे खरे. पण तो तपशील संघाच्या बैठकीपुरता राहतो, आणि राज्य व जिल्हा पातळीवर तर तो बहुतांशी टिपलाच जात नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये बिहारमधील राजगीर येथे झालेली महिलांची आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. भारताने सातही सामने जिंकले, अंतिम सामन्यात चीनला 1-0 असे हरवले आणि संपूर्ण स्पर्धेत 29 गोल केले. त्यांपैकी 11 एकट्या आघाडीपटू दीपिकाचे होते आणि वृत्तपत्रांचे मथळे साहजिकच तिच्या वाट्याला गेले. मात्र त्याच सात सामन्यांत भारतावर अवघे दोन गोल झाले आणि ते दोन्ही कोरियाविरुद्धच्या एकाच सामन्यात, म्हणजे उरलेल्या सहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना भारताचे गोलजाळे सापडलेच नाही. त्या संघाच्या बचावफळीत उदिता, ज्योती, सुशीला चानू आणि इशिका चौधरी यांच्याबरोबर पाचवे नाव होते ते फलटण तालुक्यातील आसूच्या वैष्णवी विठ्ठल फाळके हिचे. उपान्त्य आणि अंतिम फेरीत मिळून भारताने तीनच गोल केले होते; मागची फळी एकदा-दोनदा जरी फुटली असती तरी ते विजेतेपद धोक्यात आले असते. फलटणकरांनी त्या स्पर्धेचा अभिमान बाळगायचा तर तो 29 या आकड्याहून 2 या आकड्याचा अधिक बाळगावा, असे प्रस्तुत स्तंभाचे मत आहे.

बचावपटूच्या कामाचे मोल ज्या प्रसंगी सर्वांत उघडपणे दिसते, तो प्रसंग म्हणजे पेनल्टी कॉर्नर. बचाव करणाऱ्या बाजूने आपल्या ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोर 14.63 मीटर त्रिज्येने आखलेल्या क्षेत्रात, नियमभंग केला की प्रतिपक्षाला हा फटका मिळतो. त्या वेळी बचावासाठी गोलरक्षकासह फार तर पाच जणींनाच गोलरेषेमागे उभे राहता येते आणि बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. गोलखांबापासून दहा मीटरवरून चेंडू आत ढकलला जातो, तो ‘डी’बाहेर अडवला जातो आणि पुन्हा आत घेऊन ड्रॅगफ्लिकने, म्हणजे स्टिकवर ओढत आणून भिरकावण्याच्या तंत्राने, गोलकडे सोडला जातो, हे सगळे जेमतेम दोन सेकंदांत उरकते. स्टिकने मारलेला पहिला फटका 460 मिलिमीटरहून उंच गेल्यास गोल धरला जात नाही, परंतु फ्लिकला ही मर्यादा नसल्याने चेंडू छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवरूनही येऊ शकतो, आणि नेमक्या त्या चेंडूच्या रोखाने एक बचावपटू गोलरेषेवरून धाव घेते. तिला ‘पहिली रशर’ म्हणतात.

तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात जाड मोजे आणि गुडघ्यांवर गाद्या बांधलेली ही रशर गोलरेषेमागे वाकून, एक पाय मागे रोवून उभी असते आणि चेंडू ढकलणारीचे मनगट हलताच सुटते. चेंडू हलण्याआधी ती निघाली तर पंच तिला मध्यरेषेपलीकडे धाडतात, तिच्या जागी दुसरी येऊ शकत नाही आणि चौघींवरच बचाव येऊन पडतो. उशिरा निघाली तर फ्लिक तिच्या आवाक्यात येण्यापूर्वीच सुटलेला असतो. तिने सरळ धावून चालत नाही, कारण गोलची कोणती बाजू तिने झाकायची आणि कोणती गोलरक्षकासाठी सोडायची हे आधीच ठरलेले असते आणि ती हातभर जरी बाजूला सरकली तरी मागच्या गोलरक्षकाला चेंडू दिसेनासा होतो. पाच मीटरच्या आत आलेल्या रशरला चेंडू गुडघ्याखाली लागला तर प्रतिपक्षाला पुन्हा पेनल्टी कॉर्नर मिळतो. गुडघ्यावर किंवा त्याहून वर लागला तर फटका धोकादायक ठरून चेंडू बचाव करणाऱ्या बाजूला दिला जातो. अंगावर चेंडू घेणारीला हा भेद ठाऊक असतो आणि तो ठाऊक असूनच ती धावत असते. तिने फ्लिक अडवला तर सामनापत्रकात एका वाया गेलेल्या पेनल्टी कॉर्नरची भर पडते. तो कोणी वाया घालवला हे तिथे येत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2 ऑगस्ट 2021 रोजी भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाला 1-0 असे हरवून प्रथमच उपान्त्य फेरी गाठली. त्या सामन्यातील एकमेव गोल करणारी गुरजित कौर आणि भिंतीसारखी उभी राहिलेली गोलरक्षक सविता या दोघी लोकांच्या लक्षात राहिल्या. ऑस्ट्रेलियाला त्या दिवशी सात पेनल्टी कॉर्नर मिळाले होते आणि सातही फुकट गेले. सातही वेळा गोलरेषेवरून धावलेल्या बचावपटूंची नावे मात्र हॉकीच्या वर्तुळाबाहेर आज फारशी कोणी सांगू शकणार नाही. गुरजित स्वतः बचावपटू आहे, आणि हेही ध्यानात घेण्यासारखे आहे की बचावपटूंपैकी जी नावे घरोघरी पोहोचली, गुरजित कौरचे असो वा पुरुष संघातील हरमनप्रीत सिंगचे, ती बहुतेक पेनल्टी कॉर्नरवरच्या गोलांमुळे पोहोचली.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 4 ऑगस्ट 2024 रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या पुरुषांच्या उपान्त्यपूर्व सामन्यात भारताचा बचावपटू अमित रोहिदास याला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. संघाचा तो प्रमुख रशर होता. उरलेल्या दहा जणांनी सामना 1-1 असा रोखून शूटआउटमध्ये जिंकला, परंतु निलंबनामुळे रोहिदास उपान्त्य सामन्याला मुकला आणि जर्मनीने भारताला 3-2 असे हरवले. तो खेळला असता तर निकाल फिरला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र एरवी गोलांखेरीज काही न बोलणाऱ्या समालोचकांना त्या दिवशी पेनल्टी कॉर्नर कोण रोखणार याची चर्चा करावी लागली. बचावपटूचे मोल कळण्यासाठी तो संघाबाहेर जावा लागतो, ही त्या खेळाच्या नोंदपद्धतीतील उणीव आहे.

ही उणीव भरून काढण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. मराठी वृत्तपत्रांत खो-खोच्या सामन्याचे वृत्त येते तेव्हा अमुक खेळाडूने किती मिनिटे आणि किती सेकंद संरक्षण केले, हे तिने टिपलेल्या गड्यांच्या आधी छापले जाते आणि सातारा-सांगलीकडचा वाचक त्या सेकंदांवरून खेळाडूची पत ठरवतो. कबड्डीतही पकड करणाऱ्या संघाला गुण मिळतो आणि मैदानात तीन किंवा त्यांहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला प्रो कबड्डी लीगमध्ये दोन गुण दिले जातात. परिणामी कोपरारक्षकाची कारकीर्द चढाईपटूच्या कारकिर्दीइतकीच आकड्यांत मांडता येते. या मातीतल्या दोन्ही खेळांनी रक्षण करणाऱ्याला हिशेबात घेतले. हॉकीने घेतले नाही, आणि हॉकीच्या वार्तांकनात मराठी क्रीडापत्रकारितेनेही स्वतःची ही जुनी सवय वापरली नाही, याची खंत वाटते.

तालुक्याच्या पातळीवर सामनापत्रकातील या कोऱ्या जागेचा परिणाम थेट होतो. आसूची वैष्णवी आणि वाखरीची अक्षता आबासो ढेकळे या दोघी राज्य शासनाच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे निवडक मुलामुलींना निवास, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र देणाऱ्या संस्थेत, घडल्या आणि 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथील कनिष्ठ विश्वचषक स्पर्धेत चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय संघात एकत्र खेळल्या. अक्षता बचावफळीत होती, तर वैष्णवी तेव्हा मधल्या फळीत. पुढे 2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवणाऱ्या वरिष्ठ संघात वैष्णवी होती आणि राजगीरला ती बचावपटू म्हणून उतरली. जागेतील असा बदल हॉकीत नवा नाही; टोकियोत भारताचा बचाव सांभाळणारी उदिता तर मुळात आघाडीची खेळाडू होती. परंतु असा बदल सुचण्यासाठी कोणीतरी त्या मुलीचा खेळ पुरेसा वेळ, पुरेशा बारकाईने पाहिलेला असावा लागतो. जिल्हा किंवा विभागाच्या निवड चाचणीत एका दिवसात अनेक मुलींकडे पाहावे लागते, तेव्हा गोल करणारी आपोआप नजरेत भरते, आणि चढाई सुरू होण्यापूर्वीच योग्य जागी जाऊन उभी राहिल्यामुळे जिच्याकडे चेंडू आलाच नाही अशी मुलगी काहीच न केल्यासारखी दिसते. उत्तम बचावाचा मोठा भाग असा न घडलेल्या गोष्टींचा असतो, त्यामुळे तो एका दिवसात कळत नाही आणि स्मरणातही राहत नाही.

नोकरीच्या बाबतीत सरकारी कागद वर्तमानपत्राहून न्यायी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणात जे प्रमाणपत्र तपासले जाते, त्यात स्पर्धेचा दर्जा आणि संघाचा क्रमांक पाहतात, गोल कोणी केले हे पाहत नाहीत. संघात निवड झाली की बचावपटू आणि आघाडीची खेळाडू एका पायरीवर येतात. बाजारही अगदी आंधळा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगसाठी लिलाव झाला, तेव्हा सर्वाधिक 32 लाख रुपयांची बोली उदितावर लागली, अर्थात तिच्या पेनल्टी कॉर्नरचाही त्यात वाटा असणार. अन्याय होतो तो त्याआधी, शाळेच्या आणि जिल्ह्याच्या संघात शिरताना, जिथे ना लिलाव असतो ना विश्लेषक. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबरने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, ती घड्याळाच्या साक्षीने. धावपटूची वेळ कोणत्याही निवड समितीला नाकारता येत नाही. बचावपटूजवळ असे घड्याळ नसते.

ते तिला मिळवून द्यायला मोठा खर्च लागत नाही. शालेय नेहरू हॉकी स्पर्धेच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्यांपासून प्रत्येक सामन्याला गुणलेखकाच्या शेजारी आणखी एक विद्यार्थिनी बसवावी आणि तिने बचावाचे वेगळे पत्रक भरावे: कोणी किती वेळा चेंडू मध्येच अडवला, कोणी नियम न मोडता तो काढून घेतला, ‘डी’मध्ये पेनल्टी कॉर्नर कोणाच्या चुकीने गेला, रशर म्हणून कोण धावली आणि त्याचा निकाल काय लागला, शिवाय कोण किती मिनिटे मैदानात होती. खो-खोच्या गुणलेखनात मुरलेल्या क्रीडाशिक्षकांना हे काम शिकवावे लागणार नाही. न घडलेल्या गोष्टी या पत्रकातही उतरणार नाहीत, हे कबूल. पण एखादी मुलगी मैदानात असताना संघावर किती गोल झाले आणि ती बाहेर असताना किती, एवढे जरी हंगामभर लिहिले गेले तरी निवडीच्या वेळी बोलायला आधार मिळेल. फलटणच्या शाळांनी येत्या हंगामात ही पत्रके ठेवावीत, जिल्हा संघटनेने ती निवड चाचणीच्या अर्जासोबत मागवावीत आणि स्थानिक वृत्तपत्रांनी गोलांच्या खाली, त्याच अक्षरांत, ती छापावीत.