‘उफ्’सुद्धा नाही

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अब्बा गवंडी आहेत. वसई-विरारमधल्या कितीतरी भिंतींना त्यांची थापी लागली आहे.

वार्षिक अंकात आईवर लेख असतातच. इस्लामनेही आईला झुकते माप दिले आहे. चांगल्या वागणुकीवर सर्वांत जास्त हक्क कोणाचा, असे विचारले असता पैगंबरसाहेबांनी तीनदा आईचे नाव घेतले, चौथ्यांदा वडिलांचे. पण चौथा म्हणजे शेवटच्या बाकावरचा, असा सोयीस्कर अर्थ आम्ही मुलांनी लावलेला दिसतो!

कुराणाच्या १७व्या अध्यायात (आयत २३) अल्लाहच्या भक्तीला लागूनच आईवडिलांशी भलेपणाने वागण्याची आज्ञा आहे. म्हातारपणी त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नये. शिवीगाळ दूरच राहिली, नुसता कंटाळ्याचा उद्गारही नको. प्रत्येक बाबतीत होकार द्यावा असे मात्र नाही. आईबापांनी शिर्कचा, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्याला पूजण्याचा, आग्रह धरला तर तो मानू नये, पण वागणूक चांगलीच ठेवावी, असे लुकमानच्या अध्यायात आहे.

२००७ साली आईवडिलांच्या पोटगीचा कायदा झाला. पोटगी मिळेल, पण बोलण्यातला तुसडेपणा कुठे नोंदवायचा?

आम्ही शिकलेली मुले ‘उफ्’ म्हणत नाही. ‘‘तुम्हाला काय कळतं त्यातलं?’’ म्हणतो. प्रवेश-अर्जावर सही करताना अब्बांचा हात रेंगाळला. मागे रांग होती, मित्र होते. मी तेच बोलून गेलो. अब्बा गप्प राहिले. सही रेघेबाहेर गेली. मी अजून माफी मागितलेली नाही.