न ऐकू येणारा आवाज

सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. पण वाचकहो, या मुक्या आवाजानेच एका बाईचे प्राण वाचवले!

१९५५ साली ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलरच्या कारखान्यात गेले. धातूतील भेगा तेथे अशा ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून शोधीत. गाठ भरीव की पाण्याची, हेही त्या यंत्राने ओळखले. पुढे पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून डॉक्टरांनी आशा सोडलेली एक रोगीण त्यांच्याकडे आली. प्रतिध्वनीने सांगितले, ही तर बीजकोशाची पाण्याने भरलेली गाठ! ती काढली आणि बाई बरी झाली. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे संशोधन छापून आले.

हीच आपली सोनोग्राफी. पित्ताशयातील खडे, गर्भाची वाढ, सारे चिरफाडीविना दिसते. परंतु मुलगा की मुलगी एवढेच पाहू इच्छिणारेही निघाले. म्हणून गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला.

बाईला जगवणारे यंत्र लेकीच्या जिवावर का उठावे? तेव्हा सूनबाईंबरोबर दवाखान्यात गेलात, तर बाळ सुखरूप आहे ना, एवढेच विचारा!