शेळी आधी की कोथिंबीर?

इंग्रजी चांगले लिहावयाचे म्हणजे वाक्य लांबवावयाचे आणि त्यात जड शब्द कोंबावयाचे, हा समज आमच्या नगर जिल्ह्यात घरोघर पक्का बसला आहे. सन 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. मुले दहा वर्षे ती भाषा शिकतात आणि दहावीला गाईडातला निबंध जसाच्या तसा ओततात. ज्याच्या दारी उन्हाळाभर टँकरची वाट पाहिली जाते तो पारनेरकडचा पोरगा कधी न पाहिलेल्या थंड हवेच्या ठिकाणची सहल वर्णितो! मास्तर गुण देतात, आईबाप पेढे वाटतात.

दोष पोराचा नव्हे. वाक्य उभे कसे राहते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ‘काल बाजारातून आणलेली कोथिंबीर शेळीने खाल्ली.’ मराठीत बाजार, कोथिंबीर, शेळी अशी वरात निघते आणि क्रियापद शेवटी पोहोचते. इंग्रजीत शेळी प्रथम, लगेच तिचे खाणे, मग कोथिंबीर. बाजार अगदी मागे. कोणी काय केले हे आधी ठरविल्यावाचून तेथे तोंडच उघडता येत नाही. परिच्छेदाचेही तेच. शेळीची तक्रार मांडावयास घेतली की त्या परिच्छेदात शेळीच राहावी. भाजीच्या भावाला दुसरा परिच्छेद द्यावा. गाईडवाल्यांना हे कसे परवडावे? मग गाईड घेणार कोण?

छोट्या वाक्यांत गंभीर विषय मावत नाही, असे कित्येक विद्वान म्हणतात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिले ते छोट्या, बोलक्या वाक्यांतच. आणि म्हाइंभटांचे सराळे आपल्याच जिल्ह्यातले. लांब वाक्यांचीच हौस असेल तर पंडित नेहरू वाचावेत. 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, तेही आपल्या नगरच्या किल्ल्यात, बंदिवासात. त्यांचे वाक्य लांबते, पण कर्ता हरवत नाही. आमच्या गाईडात तो पहिल्याच ओळीत हरवतो.

या सुट्टीत घरच्या मुलाला टँकरवर पाचच वाक्ये लिहावयास सांगावी. आधी मराठीत, मग इंग्रजीत. चुका होतील. लाल शाई उघडण्यापूर्वी एवढेच पाहावे, की टँकर किती वाजता आला आणि पाणी कोणाला मिळाले नाही, हे वाचणाऱ्यास कळले का.