टीव्ही स्वस्त झाला, आता आवाजाचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ३०,००० रुपये मूळ किमतीच्या टीव्हीमागे ३,००० वाचले. तेव्हापासून तळेगाव ढमढेरेत मित्र मला विचारतायत, यात भर घालून होम थिएटर रिसीव्हर घेऊ का?

माझं मत, घ्या. पण वॉटला भुलून नको. खोक्यावरचा ‘पीएमपीओ’ आकडा फुगवलेला असतो, ‘आरएमएस’ बघा. तोही किती चॅनेल चालवून मोजलाय ते तपासा. दोन चॅनेलवर मोजलेले ८० वॉट पाचही स्पीकर्सना एकदम मिळत नाहीत.

दुसरं, फक्त ओटीटी बघणार असाल तर ईएआरसीसाठी जादा पैसे घालू नका. ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि टीव्हीची साथ असेल तर साध्या एआरसीतूनही जातो. ऑप्टिकल केबलमधून मात्र जात नाही. आणि छताकडचे स्पीकर लावणारच नसाल, तर ५.१ पुरे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कुठेही जुना रिसीव्हर बघायला गेलात, तर पैसे देण्याआधी प्रत्येक एचडीएमआय पोर्ट लावून बघा. स्पीकरचे ओहम रिसीव्हरला चालतात का, तेही मागच्या बाजूला वाचा.

बजेट कमी पडतंय? आधी दोनच चांगले स्पीकर घ्या, बाकीचे पुढच्या दिवाळीला. साउंडबारपेक्षा रिसीव्हरचा खरा फायदा हाच आहे.